घरच्या उद्योगाला गटाचे भांडवल

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर भंडारा येथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ग्रामीण भागातील स्त्रियांना मिळणारी लहान कर्जे आणि त्यांतून उभे राहणारे घरगुती उद्योग, या विषयावर मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. मी काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. नोकरीची बहुतेक वर्षे मी एका बँकेच्या ग्रामीण शाखांतून कर्जाची कागदपत्रे तपासण्यात घालविली. त्यामुळे या विषयाकडे मी ज्या बाजूने पाहिले, ती टेबलाच्या आतली बाजू होती. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईला ते टेबल केवढे उंच दिसते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आपला जिल्हा धानाचा. वैनगंगेचे खोरे, कोहळी समाजाने बांधलेले आणि आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते मालगुजारी तलाव, बोड्या आणि बांध्या, यांवर इथला संसार उभा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके आपल्याकडे राहिले. या सातही तालुक्यांत स्त्रीच्या हातात पैसा येण्याचे दिवस ठरलेले आहेत. चैत्राच्या आगेमागे मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, आषाढ-श्रावणात रोवणीची मजुरी आणि दिवाळीनंतर धानाची कापणी व मळणी. अधल्यामधल्या महिन्यांत विड्या वळणे चालते, त्यांचा हिशेब हजारी होतो आणि त्यातूनही छाट वजा होते. रोवणी संपल्यानंतरचे भाद्रपद-आश्विनाचे दिवस सर्वांत ओढीचे. घरातील जुने धान संपलेले असते, नवे अजून बांधीत उभे असते, आणि नेमकी त्याच वेळी घरात तापाची साथ आलेली असते.

कर्ज या शब्दाचा खरा जन्म या दिवसांत होतो. उद्योगासाठी कर्ज ही कल्पना नंतरची. पहिले कर्ज पोटासाठी, औषधासाठी आणि पोरांच्या वह्यांसाठी असते. पूर्वी ते कसे मिळे, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ‘सवाई’ने धान घ्यावयाचे आणि नवे पीक आले की चतुर्थांश अधिक परत करावयाचे. ऐकताना हे फार वाटत नाही. परंतु भाद्रपदाच्या आधी घेतलेले धान पाच महिन्यांनी फेडले, तर पाच महिन्यांत शेकडा पंचवीस, म्हणजे दरमहा शेकडा पाच आणि वर्षाला साठ टक्के झाले. ‘दिढी’चा हिशेब आपणच करावा. ज्या बाईने कधी पाटी हातात धरली नाही, ती हा दर वर्षानुवर्षे भरत आली. ती कर्ज फेडू शकत नाही, असे मात्र आम्ही बँकेत बसून म्हणत होतो.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिले नाही असे नाही. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० मध्ये देशभर लागू झाला. ग्रामीण भागातील महिला व बालकांच्या विकासाची योजना १९८२ च्या सुमारास आली आणि तीत प्रथमच पंधरा-वीस स्त्रियांचा गट हा घटक मानला गेला. हेतू उत्तम होते. तथापि त्या काळातील कर्जाचा प्राण अनुदानात होता. कर्ज मिळते म्हणून अर्ज होत नसे, अनुदान मिळते म्हणून होई. तपासणीला निघालो की एकच शेळी दोन घरांच्या दारांत बांधलेली आढळण्याचे प्रसंग माझ्याही वाट्याला आले. शेळीला दोष देण्यात अर्थ नव्हता. शेळीची गरज आहे की नाही हे त्या बाईला कोणी विचारलेलेच नव्हते. यादी आमची, वस्तू आमची, व्यापारीही आम्हीच ठरविलेला. तिचा अंगठा तेवढा तिचा होता.

बाहेरच्या जगात या सुमारास वेगळे प्रयोग चालू झाले होते. अहमदाबादेत असंघटित स्त्री कामगारांनी १९७४ मध्ये ‘सेवा’ बँक काढली. बांगलादेशात १९७६ साली मुहम्मद युनूस या प्राध्यापकांनी जोब्रा गावातील बेचाळीस माणसांना स्वतःच्या खिशातून मिळून अवघे सत्तावीस डॉलर दिले, आणि १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली. त्यांना व त्या बँकेला २००६ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियामध्ये १९८४ पासून खेड्याच्या बँकेची पद्धत सुरू झाली. तीच पुढे मध्य अमेरिकेत ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील माया स्त्रियांपर्यंत गेली. या स्त्रिया माग कमरेला बांधून कापड विणतात. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला. त्यांच्याविषयी वाचताना मला आपल्या मोहाडी-आंधळगावकडील कोसा विणणाऱ्या घरांची आठवण झाली. सुताला पैसे लागतात ते आज, आणि कापडाचे पैसे येतात ते बाजाराच्या मर्जीने. मधले दिवस कोणी भरून काढावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

आपल्या देशाने मात्र जरा निराळी वाट घेतली, आणि माझ्या मते ती आपल्या मातीला अधिक मानवली. १९९२ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी बचत, मग त्या बचतीतून आपसांत कर्ज, आणि हे काही महिने सुरळीत चालले म्हणजे बँकेचे कर्ज. पैसा बाहेरून येण्याआधी पैशाचा व्यवहार गटाच्या अंगवळणी पडतो. पुढे १ एप्रिल १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली, २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले आणि त्याचे राज्यातील रूप ‘उमेद’ या नावाने घरोघर पोहोचले. महिला आर्थिक विकास महामंडळाने आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राबविला आणि त्यातून लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. योजनांची नावे बदलत गेली. गटाच्या बैठकीतील सतरंजी मात्र तीच राहिली.

आता एक साधा हिशेब मांडतो. शिक्षक मंडळी येथे आहेत, त्यांनी तो शाळेच्या फळ्यावरही मांडावा. बारा जणींचा गट आहे. प्रत्येकी दरमहा शंभर रुपये बचत. महिन्याला बाराशे, सहा महिन्यांत सात हजार दोनशे. एवढ्या पैशाने कोणता उद्योग होणार, असे आम्ही पूर्वी हसून म्हणत असू. परंतु हे पैसे पेटीत पडून राहत नाहीत. पहिल्या महिन्यात एकीच्या नातवाच्या दवाखान्याला आठशे जातात, दुसऱ्या महिन्यात एकीच्या मुलीच्या परीक्षा शुल्काला पाचशे, तिसरीला बाजारातून पोह्याचे धान घ्यावयाचे असते. व्याज बहुधा शेकडा दोन दरमहा. एकच रुपया वर्षात चार-पाच हातांतून फिरतो. बँकेच्या भाषेत हे ‘उपभोगासाठीचे कर्ज’, म्हणजे अनुत्पादक. मी स्वतः हा शब्द कित्येक प्रस्तावांवर लाल शाईने लिहिला आहे. आज तो मला चुकीचा वाटतो. ज्या घरात आजारपणाला सवाईने धान काढावे लागत नाही, त्या घरातील शेळी विकली जात नाही. मग औषधाला दिलेले आठशे रुपये अनुत्पादक कसे ठरतात?

व्याजाच्या दराविषयी फार गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबतो. शेकडा दोन दरमहा म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. हा दर सावकारीच आहे, असे एका ग्रामपंचायत सदस्याने मला भर सभेत सुनावले होते. त्याच गावात एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी वर्षाला बारा टक्क्यांनी कर्ज देत होता. दिसावयास निम्मा दर. पण त्याचे बारा टक्के सपाट होते. दहा हजारांवर वर्षाचे व्याज बाराशे, आणि एकूण अकरा हजार दोनशेचे बारा समान हप्ते. मुद्दल दर महिन्याला कमी होत असता व्याज मात्र वर्षभर पूर्ण दहा हजारांवर आकारलेले. घटत्या मुद्दलावर हा दर काढला तर तो सुमारे साडेएकवीस टक्के येतो. गटाचे शेकडा दोन हे शिल्लक मुद्दलावर असते. दहा हजार बारा सारख्या भागांत फेडले तर वर्षाचे व्याज तेराशे होते. म्हणजे एकीकडे बाराशे, दुसरीकडे तेराशे. फरक शंभराचा. परंतु ते तेराशे गटाच्याच पेटीत राहतात, आणि वर्षअखेर त्यांत कर्जदार बाईचाही वाटा असतो. बाराशे गावाबाहेर जातात. ‘टक्के किती’ याबरोबरच ‘टक्के कशावर’ आणि ‘टक्के कोणाला’ हे दोन प्रश्न आपण गावात विचारावयास शिकवू शकलो, तर पुष्कळ काम होईल.

आता मी माझ्या एका चुकीकडे येतो. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

बचत गटांना कर्ज देण्याचे धोरण आमच्या शाखेत नवे होते. एका गावातील चौदा स्त्रियांचा गट दोन वर्षे नियमाने चालला होता. नोंदवही स्वच्छ, बैठका वेळेवर. गटाने धान भरडणे, पोहे व मुरमुरे करणे यासाठी कर्ज मागितले. मी ते मंजूर केले आणि रक्कम खात्यात जमा झाली. त्या चौदांपैकी तिघींच्या पतींकडे आमच्याच शाखेचे जुने पीक कर्ज थकलेले होते. वसुलीचा महिना होता. मी त्या तिघींच्या वाट्याची रक्कम पतींच्या थकबाकीत वळती करून घेतली. कागदावर सर्वांच्या सह्या घेतल्या, आणि थकबाकी कमी झाली म्हणून वरिष्ठांनी माझे कौतुकही केले. पंधरा दिवसांनी गटाची अध्यक्ष शाखेत आली. ती भांडली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, “साहेब, कर्ज आमच्या नावाचं झालं, पन पैसा घरधन्याचा झाला. आता हप्ता कोनाचा?” मी तिला नियम सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि ती निघून गेली.

गट पुढे चार महिने टिकला. त्या तिघींना हप्ता भरता येईना, बाकीच्या अकराजणींनी दोनदा त्यांचा भार उचलला, मग तोंडे फिरली. शेजारणी एकमेकींच्या अंगणातून जाईनाशा झाल्या. ज्या गावात स्त्रियांनी दोन वर्षे पै-पै जोडून एक विश्वास बांधला होता, तो माझ्या एका वळत्या नोंदीने मोडला. पुढील आठ-नऊ वर्षे त्या गावात दुसरा गट उभा राहिला नाही.

मी हे सांगतो याचे कारण, नियम माझ्या बाजूने नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत की, गटातील काही सभासद वा त्यांचे कुटुंबीय थकबाकीदार असले, तरी तेवढ्यावरून गटाला कर्ज देणे सामान्यतः अडू नये. जी सभासद स्वतः बँकेची थकबाकीदार आहे, तिला त्या पैशातून कर्ज देऊ नये एवढेच बंधन आहे. पतीच्या थकबाकीसाठी पत्नीच्या गटाचा पैसा वळवावा, असे कोठेही लिहिलेले नाही. गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागावयाचे नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवावयाचा नाही, हेही लिहिलेले आहे. राष्ट्रीय अभियानातील गटांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा २०२१ मध्ये वीस लाखांपर्यंत नेण्यात आली. हे नियम गावातील शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि सरपंचाला ठाऊक असले पाहिजेत. त्या दिवशी अध्यक्षबाईंबरोबर हे जाणणारा एखादा माणूस माझ्या टेबलासमोर उभा असता, तर माझा हात थांबला असता.

उद्योगांकडे वळू. आपल्या जिल्ह्यात घरच्या घरी होणाऱ्या कामांची वाण नाही. पोहे, मुरमुरे, वड्या आणि पापड आहेत. बुरड कुटुंबांच्या टोपल्या आणि सुपे आहेत. तलावांवर शिंगाडे आणि मासळी आहे. चिन्नोर तांदळाला तर आता भौगोलिक मानांकनाचे नाव मिळाले आहे. आणि कोसा आहे. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे किडे, त्यांचे कोष, कोषातून धागा आणि धाग्यातून करवती काठाची साडी, ही सगळी साखळी पूर्व विदर्भातील. या साखळीत स्त्रीचा वाटा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त. शिजविलेल्या कोषाचा धागा मांडीवर घासून काढण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालली. त्याने कातडी सोलून निघते, पाठ वाकते, आणि मजुरी जेमतेम मिळते. धागा काढण्याचे यंत्र घेतले तर श्रम कमी होतात आणि धागा एकसारखा येतो. परंतु यंत्राला कर्ज हवे, कोष विकत घ्यावयास खेळते भांडवल हवे, आणि कोष हंगामात एकदम घ्यावे लागतात. येथे गटाच्या पेटीतील सात हजार पुरे पडत नाहीत. येथे बँकेनेच यावयाचे असते, आणि फक्त यंत्राचे पैसे देऊन थांबावयाचे नसते. यंत्र आहे पण कोष नाहीत, अशी घरे मी पाहिली आहेत. यंत्रावर वाळत घातलेली लुगडी पाहिली आहेत.

हप्त्याचे गणितही असेच. शेळीपालन हा सर्वांत आवडता प्रस्ताव. शेळी पाच महिने गाभण राहते, करडू विकावयाजोगे होण्यास आणखी सहा-आठ महिने लागतात. म्हणजे शेळीकडून पहिला रुपया येण्यास वर्ष लागते. आम्ही मात्र पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात मागत असू. मग तो कोठून येणार? रोवणीच्या मजुरीतून, विड्यांच्या हजारीतून, किंवा दुसऱ्या कर्जातून. पोह्यांचा धंदा आठवड्याच्या बाजाराला पैसे देतो, त्याला आठवड्याचा हप्ता सोसतो. धानाच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला सोसत नाही. कोणत्या धंद्याला किती दिवस श्वास लागतो, हे त्या बाईला अचूक ठाऊक असते. मंजुरीपूर्वी दहा मिनिटे तिला बोलू दिले, तर हप्त्याचा तक्ता ती स्वतःच सांगते. ‘उमेद’मध्ये गावच्याच स्त्रियांतून बँक सखी, पशु सखी नेमल्या गेल्या, त्याचा मोठा लाभ मला येथे दिसतो. शेळीला लस केव्हा द्यावयाची आणि हप्ता केव्हा झेपेल, हे सांगणारी बाई त्याच आळीतली असते.

तिसरी गोष्ट थोडी कटू आहे. लहान कर्ज हे औषध आहे, पण त्याचीही मात्रा असते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात खासगी लघुवित्त कंपन्यांच्या कर्जांनी आणि वसुलीच्या तगाद्याने असे संकट उभे केले की, राज्य शासनाला वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि या कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम केले. विदर्भातही नोटाबंदीनंतर, २०१६-१७ मध्ये, या कर्जांचे हप्ते अनेक ठिकाणी थांबले आणि स्त्रिया रस्त्यावर आल्या. २०२२ पासूनच्या नियमांनुसार, वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नियम चांगला आहे. परंतु उत्पन्न किती, हे कागदावर कोण लिहितो? कर्ज देणाराच लिहितो. एका गावात एका बाईच्या घरी मी चार निरनिराळ्या रंगांची हप्त्याची कार्डे पाहिली. सोमवारचे एक, बुधवारचे एक, शुक्रवारची दोन. सोमवारचा हप्ता बुधवारच्या कर्जातून जात होता. तिचा धंदा काय, असे विचारले. ती हसून म्हणाली, “हाच धंदा.”

अशा बाईला गटात आणणे अवघड असते, कारण गट एकदम तीस हजार देत नाही आणि कंपनीचा माणूस दारात येऊन देतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. आपल्या बँकेतून मंजुरीला तीन महिने लागत असतील तर ती बाई त्याच्याकडेच जाणार. बँकेमार्फत मिळणाऱ्या कर्जावर तीन लाखांपर्यंत सात टक्के दराची सवलत आहे, हे खरे. पण रोवणीसाठी मागितलेले पैसे कापणीला मिळाले, तर सात टक्क्यांचा काय उपयोग?

साताऱ्यातील म्हसवडची गोष्ट आपणांपैकी काहींनी ऐकली असेल. चेतना गाला सिन्हा यांनी तेथील ग्रामीण स्त्रियांची बँक काढण्याचे ठरविले तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठविला. कारण असे की, बँक काढणाऱ्या स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते, अर्जावर अंगठे होते. त्या स्त्रिया काही महिने अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि मुद्दलावरचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर काढावे, असे त्यांनी सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. शिक्षक मित्रांनो, या गोष्टीतील व्याजाचा भाग लोकांना फार आवडतो. मला मात्र मधले अक्षर शिकण्याचे महिने महत्त्वाचे वाटतात. दिवसभर मजुरी करून रात्री पाटी घेऊन बसणे हे तोंडी हिशेबाहून कठीण आहे.

आपल्याकडे गटाची नोंदवही बहुतेक गावांत कोण लिहितो? अध्यक्षांचा मुलगा, अंगणवाडीताई, किंवा आपल्यापैकीच एखादे गुरुजी. मदत म्हणून ते ठीक आहे. परंतु पाच वर्षांनीही तोच लिहीत असेल, तर त्या गटाची किल्ली त्याच्या खिशात आहे असे समजावे. मी एका शाळेत एक फार चांगली रीत पाहिली. तेथे सातवीतील मुली शनिवारी दुपारी आपापल्या आईच्या गटाच्या बैठकीला जात आणि पासबुकातील नोंद मोठ्याने वाचून दाखवीत. वाचनाचा तास आणि हिशेबतपासणी एकदमच होई. कोणा अधिकाऱ्याच्या आदेशाने हे सुरू झाले नव्हते, म्हणूनच बहुधा ते टिकले.

पंचायत सदस्यांना माझ्या दोन मागण्या आहेत. आठवडी बाजारात गटाच्या स्त्रियांना बसण्याची जागा ठरवून द्या, आणि ती जागा चिखलाची वा कोपऱ्याची नसावी. आणि ‘घर दोघांचे’ करा, म्हणजे पतीबरोबर पत्नीचे नावही मिळकतीच्या नोंदीत घाला. पिठाची गिरणी, शिलाई यंत्र, धागा काढण्याचे यंत्र यांना वीजजोडणी हवी असते आणि तिच्यासाठी घराचा कागद लागतो. तो कागद तिच्या नावाचा नसेल, तर घरचा उद्योग हा घरमालकाचा उद्योग होतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आज या सभागृहातही बऱ्याच सदस्या बसल्या आहेत. त्यांतील कित्येकींचे सार्वजनिक जीवन गटाच्या सतरंजीवर सुरू झाले आहे, हे मला ठाऊक आहे. ग्रामसभेत पहिल्यांदा उभे राहून बोलण्यापूर्वी त्यांनी बैठकीत ‘माझा हप्ता पुढच्या महिन्यात घ्या’ एवढे वाक्य बोलण्याचे धैर्य मिळविले होते.

माझ्या त्या चौदाजणींच्या गावाचे काय झाले, असे एका अधिकारी मित्राने काल विचारले. निवृत्तीनंतर मी तेथे गेलो होतो. आता तेथे पाच गट आहेत आणि त्यांचा ग्रामसंघ आहे. जुन्या अध्यक्षबाई थकल्या आहेत, कोणत्याही गटात नाहीत. त्यांची सून आहे, ती पोहे करते. बाईंनी मला ओळखले, चहा दिला. जुन्या गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही, मीच काढला. त्या म्हणाल्या, “तुमची सही होती, आमचीबी होती. आमाले वाचता येत नव्हतं, तुमाले येत होतं.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. सुनेचे पासबुक त्यांनी मला दाखविले नाही, आणि मीही मागितले नाही.

उद्या सकाळच्या कार्यक्रमाबद्दल दोन शब्द बोलून थांबतो. आपण मोहाडी तालुक्यातील दोन गटांच्या बैठका पाहण्यास जाणार आहोत. रोवणी चालू आहे, म्हणून पहिली बैठक सकाळी सातला ठेवली आहे. स्त्रियांना आठच्या आत बांधीवर पोहोचावयाचे आहे. गाडी पाच वाजून चाळीस मिनिटांनी येथून निघेल. तेथे खुर्च्या मागू नयेत, सत्काराची अपेक्षा ठेवू नये. नोंदवही त्यांनी दिली तरच पाहावी, आणि ती पाहून झाल्यावर ज्या बाईने दिली तिच्याच हातात परत द्यावी.